टॅपेट गप्प झाला की सावध!

आमच्या जुन्या पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवून बरीच वर्षं झाली होती. हल्ली सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, वेग घेतला की सुरळीत. मी मिस्त्रींना म्हटलं, "आवाज मात्र काही नाही हं, उलट पूर्वीपेक्षा शांत चालते."

"तेच तर वाईट आहे, साहेब," ते म्हणाले.

इंजिनातले आवाज ओळखायला वेगाचा हिशेब कामी येतो. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा दांडा) क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. मिनिटाला ९०० फेऱ्यांवर एका व्हॉल्व्हची टकटक सेकंदाला सात-आठ वेळाच होते, तीही वरून, हेडकडून (इंजिनाच्या वरच्या भागाकडून), बारीक शिलाई मशीनसारखी. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर ठोका खालून येतो, जड असतो आणि क्रँकच्या फेरीबरोबर पडतो. त्या सिलिंडरचा प्लग बंद केला की तो हलका होतो. हा ठोका ऐकू आला तर गाडी तिथेच उभी करावी. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून मिस्त्री हे सगळं ऐकतात. फक्त फिरत्या पट्ट्यापासून हात लांब ठेवायचा.

पण व्हॉल्व्हची थोडी टकटक असायलाच हवी. ज्या इंजिनांत टॅपेट (कॅमचा, म्हणजे कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याचा, धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे भाग) हाताने सेट करावे लागतात, तिथे कॅम आणि व्हॉल्व्हमध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते, साधारण पोस्टकार्डाच्या जाडीची. गॅस कोरडा असतो. पेट्रोलच्या थेंबांमुळे व्हॉल्व्हला मिळणारा गारवा आणि पातळ ओलावा त्यात नाही. मूळ पेट्रोलसाठी बनवलेल्या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट (मिटताना तो टेकतो ती कड) हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह आत रुततो, त्याची दांडी वर सरकते आणि फट बुजते. टकटक थांबते. पुढे व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबून धरण्याची ताकद, जातं. मिस्त्रींनी इंधन तोडलं, चारही प्लग काढले, गेज लावला आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायला सांगितला. आकडे आले १७०, १७०, ९५, १६५ पाउंड. म्हणजे दर चौरस इंचावर. पिस्टन हवेला साधारण एक दशांश जागेत कोंबतो, पण दाबताना हवा तापतेही (सायकलला हवा भरताना पंप गरम लागतो, तसं), म्हणून दाब दहापटीच्याही वर जायला हवा. थोडी हवा गळते, थोडी उष्णता भिंती खातात, आणि शेवटी बाहेरच्या हवेच्या बारापटीच्या आसपास आकडा थांबतो. हाच गेज महाबळेश्वरात लावला तर मुंबईपेक्षा सुमारे १५ टक्के कमी दाखवेल. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक बघायचा.

तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फटी बुजून काटा चढला असता. तो शंभरावरच अडला. मग पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली, आणि मिस्त्री मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवे बसले. मलाही बोलावलं. नळीतून बारीक 'स्स्स्' येत होतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह! एअर फिल्टरकडून आला असता तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आला असता तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले असते तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील). सावकाश चालताना हवेला गळायला वेळ मिळतो, म्हणून गाडी सिग्नललाच थरथरत होती.

हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला भाकरीचा तुकडा मोडल्यासारखी खाच होती. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि मिटलेला असताना सीटला टेकून बहुतेक उष्णता तिच्यात सोडतो. टेकायलाच मिळालं नाही की कड जळते. वेळेत टॅपेट सेट केले असते तर काम तासाभरात आटोपलं असतं. आता नवा व्हॉल्व्ह, नवी कडक सीट, गॅस्केट आणि तीन दिवस.

हेड उतरवण्याआधी मिस्त्रींनी बाकीच्या तीन एक्झॉस्ट व्हॉल्व्हांमध्ये फिलर गेजची (फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्याची) सगळ्यात पातळ पाती सरकवून पाहिली होती. दोन ठिकाणी ती अडकत-अडकत गेली. चौथ्याच्या फटीत शिरलीच नाही.