‘पीए-सी’तला ‘सी’: एका प्रमाणपत्राची पार्श्वभूमी

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंटच्या (पीए, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणाऱ्या आणि उपचार करणाऱ्या व्यावसायिकाच्या) बिल्ल्यावर नावापुढे ‘पीए-सी’ असं लिहिलेलं असतं. ‘सी’ म्हणजे सर्टिफाइड. शिक्षण संपल्यावर एक परीक्षा देऊन तो मिळतो, इथवर कुणाची तक्रार नाही. पुढची तीस-पस्तीस वर्षं तो टिकवायचा कसा, यावरून मात्र या पेशात बरंच रण माजलं.

१९६५ साली उत्तर कॅरोलिनातल्या एका विद्यापीठाने नौदलातून परतलेल्या चार वैद्यकीय सहायकांसाठी पीएचा पहिला वर्ग सुरू केला आणि त्यातले तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले, ही कहाणी या पेशात सगळ्यांना पाठ आहे. तिच्यात सहसा न येणारी गोष्ट अशी, की त्यानंतरची काही वर्षं ‘पीए’ कुणाला म्हणायचं याला धरबंध नव्हता. कुणी विद्यापीठात शिकलेला, तर कुणी एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली तयार झालेला. हा गोंधळ निस्तरायला १९७३ मध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली आणि पाठोपाठ स्वतंत्र प्रमाणन मंडळ आलं. हाताखाली शिकलेल्यांनाही परीक्षेला बसता येई. ते दार १९८६ मध्ये बंद झालं.

इथे दोन शब्दांची हमखास गल्लत होते. परवाना राज्य देतं. प्रमाणपत्र देतं ते एक खासगी, ना-नफा मंडळ. पहिला परवाना काढताना मंडळाची परीक्षा उत्तीर्ण असणं सगळ्याच राज्यांत लागतं. नंतर मात्र वाटा फुटतात: काही राज्यं परवान्याच्या नूतनीकरणासाठी चालू प्रमाणपत्र मागतात, काही मागत नाहीत. पण राज्याने सोडलं तरी रुग्णालय सोडत नाही. नेमणुकीच्या वेळी कागदपत्रं तपासणारी समिती ‘सी’ चालू आहे का, हे विचारतेच. म्हणजे कागदावर ऐच्छिक, व्यवहारात सक्तीचं. पुढच्या भांडणाची मुळं या फटीत आहेत.

प्रमाणपत्र टिकवण्यासाठीची फेरपरीक्षा १९८१ पासून सुरू झाली, दर सहा वर्षांनी. त्या काळात अनेक शाखांतल्या डॉक्टरांना एकदा मिळालेलं प्रमाणपत्र आजन्म पुरत असे. ज्याच्या देखरेखीखाली काम करायचं तो कायमचा उत्तीर्ण आणि सहायक मात्र दर सहा वर्षांनी परीक्षेच्या टेबलावर, हे अनेकांना खुपायचं. खुपावं असंच ते होतं. २०१४ मध्ये हे चक्र दहा वर्षांचं झालं. दर दोन वर्षांनी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे १०० तास दाखवणं तसंच राहिलं.

खरी अडचण प्रश्नपत्रिकेत होती. पीएचं शिक्षण सर्वसाधारण वैद्यकाचं असतं. त्यामुळे आज हृदयविकार विभागात असलेला माणूस उद्या नवी पदवी न घेता अपघात विभागात जाऊ शकतो. या पेशातली बढती बहुतेकदा वर नाही, आडवी असते. म्हणून परीक्षाही सर्वसाधारण ठेवलेली. आता पंधरा वर्षं गुडघ्याच्या शस्त्रक्रियांत मदत करणाऱ्याचा विचार करा. २४० प्रश्न, साठ-साठचे चार भाग, प्रत्येकाला एक तास, आणि समोर प्रश्न येतो गरोदरपणातल्या रक्तदाबाचा. हे त्याने शेवटचं वाचलं ते विद्यार्थी असताना.

२०१५ च्या अखेरीस मंडळाने यावर तोडगा मांडला: मूलभूत ज्ञानाची तपासणी घरून, टप्प्याटप्प्याने, आणि चक्राच्या शेवटी आपापल्या शाखेची परीक्षा, देखरेखीखाली. वरवर पाहता ऑर्थोपेडिकवाल्याची सोय झाली. पण पीएंच्या व्यवसायसंघटनेने कडाडून विरोध केला. शाखेचा शिक्का एकदा बसला की रुग्णालयं तो मागायला लागणार आणि आडव्या वाटा बंद होणार, हा मुख्य मुद्दा. ही भीती हवेतली नव्हती. शाखानिहाय ऐच्छिक प्रमाणपत्रं २०११ पासून निघालीच होती, आणि ऐच्छिक गोष्ट व्यवहारात काय होते हे ‘सी’ने दाखवलं होतं. वेगळं प्रमाणन मंडळच काढावं का, इथवर चर्चा गेली. २०१६ संपण्याआधी प्रस्ताव मागे घेतला गेला.

त्यातून उरला तो घरून देण्याचा भाग. दोन वर्षांच्या प्रयोगानंतर २०२३ पासून तो कायमचा पर्याय झाला. दर तिमाहीला पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला पाच मिनिटं, पुस्तक उघडायला मुभा. बारा तिमाह्यांपैकी सर्वोत्तम आठ धरल्या जातात. उत्तर दिल्यावर ते बरोबर की चूक आणि का, हेही लगेच समोर येतं. हे आधीच करता आलं असतं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

नावाचा वाद अलीकडचा. २०२१ मध्ये संघटनेने ‘असिस्टंट’ऐवजी ‘असोसिएट’ स्वीकारलं आणि २०२४ मध्ये ओरेगॉन राज्याने ते कायद्यात आणलं. गंमत अशी, की ब्रिटनमध्ये ‘असोसिएट’ रूढ होतं आणि तिथल्या २०२५ च्या सरकारी आढाव्याने ‘असिस्टंट’कडे परतायची शिफारस केली. ओरेगॉनमधल्या बिल्ल्यावरची ‘पीए’ ही अक्षरं दोन्ही नावांना चालतात, त्यामुळे तीही तशीच राहिली आणि पुढचा ‘सी’ही.