शांदोर फेरेन्त्सी यांचा वारसा

शांदोर फेरेन्त्सी (१८७३-१९३३) हे मनोविश्लेषणाच्या, म्हणजे पेशंटला मोकळं बोलू देऊन मनात दडलेलं शोधायच्या फ्रॉइडच्या उपचारपद्धतीच्या, अगदी पहिल्या फळीतले हंगेरियन डॉक्टर. मिश्कोल्त्सच्या एका पुस्तकविक्रेत्याचा मुलगा, शिक्षण व्हिएन्नात, प्रॅक्टिस बुडापेस्टला. १९०८ मध्ये फ्रॉइडची ओळख झाली आणि मग पंचवीस वर्षांत दोघांची हजाराच्या वर पत्रं झाली, १९०९ च्या अमेरिका दौऱ्यात फ्रॉइड आणि त्याचा तेव्हाचा सहकारी युंग यांच्याबरोबर हेही होते, १९१० ला मनोविश्लेषकांची आंतरराष्ट्रीय संघटना काढायचा प्रस्तावही यांनीच मांडला. म्हणजे माणूस अगदी घरातला, म्हणून पुढे जे झालं ते जास्त लागतं.

वाद आधी पद्धतीवरून होता. अनॅलिस्टने, म्हणजे विश्लेषण करणाऱ्या डॉक्टरने, पेशंट आडवा होतो त्या कोचामागे तटस्थ बसायचं असा दंडक, पण इतरांनी हात टेकलेले पेशंट फेरेन्त्सींकडे यायचे आणि त्यांना नुसत्या त्या गप्प बसण्याने काही बरं वाटत नव्हतं. त्यांनी आधी उलट जास्त कडक पद्धत करून पाहिली, ती चुकली हे जाहीरपणे मान्य केलं, मग मोकळीक द्यायला लागले, आणि शेवटी एलिझाबेथ सेव्हर्न या पेशंटबरोबर तर आळीपाळीने एकमेकांचं विश्लेषण सुरू केलं. तो प्रयोग टिकला नाही, टिकणारही नव्हता. पण डॉक्टरचा कंटाळा, राग पेशंटला कळतोच आणि डॉक्टरने तो प्रामाणिकपणे कबूल केला तर पेशंटचा विश्वास वाढतो, हे त्यातून निघालं.

सप्टेंबर १९३२ मध्ये जर्मनीत विस्बाडेनला झालेल्या मनोविश्लेषकांच्या अधिवेशनात त्यांनी मोठ्यांची भाषा आणि मुलांची भाषा यांतल्या गोंधळावर निबंध वाचला. म्हणणं असं की मुलांवरचे लैंगिक अत्याचार खरेच घडतात, चांगल्या घरांतही घडतात, पेशंट सांगतो ती सगळी फँटसी नसते. मूल माया मागत असतं, मोठा माणूस त्याला वासनेने उत्तर देतो. भेदरलेलं मूल विरोध करत नाही, उलट त्या माणसाच्या मनात काय आहे ते ओळखून तसंच वागायला लागतं आणि त्याचा अपराधही स्वतःच्या अंगावर घेतं. आक्रमकाशी तादात्म्य म्हणतात ते हेच, जरी पुढे १९३६ पासून हा शब्द थोड्या वेगळ्या अर्थाने फ्रॉइडची मुलगी अ‍ॅना फ्रॉइड हिच्या नावावर जास्त चालला. आणि सगळ्यात वाईट इजा होते ती नंतर, जेव्हा घरचेच म्हणतात की काही झालंच नाही. माझ्या मते फेरेन्त्सींचं सगळ्यात मोठं देणं हेच, कारण पेशंटवर अविश्वास दाखवणारा डॉक्टरसुद्धा तीच इजा पुन्हा करतो हे त्यांनी आपल्याच व्यवसायाला सुनावलं.

फ्रॉइडला निबंध अजिबात पटला नाही, तो छापू नये असं त्याने सांगितलं होतं. आठ महिन्यांत, २२ मे १९३३ ला, फेरेन्त्सी रक्ताच्या एका आजाराने गेले. इंग्रजीत निबंध आला थेट १९४९ ला. फ्रॉइडचा ब्रिटिश शिष्य अर्नेस्ट जोन्सने तर नंतर फ्रॉइडच्या चरित्रात लिहून टाकलं की शेवटी त्यांचं डोकंच ठिकाणावर नव्हतं, जे फेरेन्त्सींचा शिष्य मायकेल बालिंटने तेव्हाच खोडून काढलं. तरी नाव अनेक वर्षं बाजूला पडलं ते पडलंच, १९३२ ची त्यांची डायरी १९८५ ला फ्रेंचमध्ये छापली गेली तेव्हा कुठे लोक परत वाचायला लागले.

काम मात्र माणसांमधून चालू होतं. अमेरिकन मनोविश्लेषक क्लॅरा थॉम्प्सन त्यांच्याकडून विश्लेषण करून घेऊन अमेरिकेत परतली आणि तिकडच्या संबंधकेंद्री, म्हणजे माणसामाणसांतल्या नात्यावर भर देणाऱ्या, मनोविश्लेषणात ते विचार मुरले. पुढे लहान मुलांच्या विश्लेषणासाठी नावाजलेल्या मेलानी क्लाइनचं पहिलं विश्लेषणही त्यांच्याकडेच झालं. बालिंट इंग्लंडला गेला आणि १९५० च्या दशकात लंडनमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांना एकत्र बसवून, अवघड पेशंटबद्दल आपल्याला स्वतःला काय वाटतं ते बोलायला लावलं. बालिंट ग्रुप या नावाने हे गट अजून अनेक देशांत भरतात.