पर्थचा पाऊस गेला कुठे?

हवामानबदलाचा विषय निघाला की "पाऊस काय हो, कधी कमी कधी जास्त, चालायचंच" हे कुणीतरी म्हणतंच. एखाद-दुसऱ्या वर्षाबद्दल ते खरंही आहे. पण पन्नास वर्षं घसरणच चालू असेल तर? ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पर्थच्या आसपास, नेमकं हेच झालंय.

आपल्याकडे हिवाळ्यातला पाऊस म्हणजे अवकाळी, द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा. तिकडे मे ते ऑगस्ट हिवाळा आणि वर्षाचा बहुतेक पाऊस त्यातच, गहू त्याच्यावर, धरणं त्याच्यावर. १९७० पासून तिथला मे ते जुलैचा पाऊस आधीपेक्षा साधारण २० टक्क्यांनी कमी झालाय.

आता कारण, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग. विषुववृत्तावर तापलेली हवा वर जाते, दोन्हीकडे पसरते आणि ३० अंश अक्षांशाच्या आसपास खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते, म्हणून ढग धरत नाहीत, जगातली बरीच वाळवंटं याच पट्ट्यात आहेत. पर्थ ३२ अंशांवर, म्हणजे या कोरड्या पट्ट्याच्या अगदी काठावर. हिवाळ्यात पट्टा उत्तरेला सरकतो, मग दक्षिणेकडच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणारे थंड हवेचे फ्रंट, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेच्या आघाड्या, पर्थला गाठतात आणि पाऊस पाडतात. पृथ्वी तापते तशी उष्ण कटिबंधात वरच्या थरातली हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा जास्त तापते, त्यामुळे हवेचा उभा खांब स्थिर होतो, म्हणजे हवा सहजी वर-खाली होत नाही, आणि जिथे हे चक्र मोडून वादळी भोवरे सुरू होतात ती सीमाच ध्रुवाकडे ढकलली जाते. कोरडा पट्टा रुंदावतो, त्यातला दाब वाढतो, आणि फ्रंट पर्थला चुकवून दक्षिणेकडच्या समुद्रावरच बरसून जातात. पाऊस संपला नाही, त्याची वाट बदलली.

सगळी घट हरितगृह वायूंमुळेच असं संशोधक म्हणत नाहीत, नैसर्गिक चढउतार आहेत, शेतीसाठी झालेल्या जंगलतोडीचाही काही वाटा असू शकतो. खरा वाद किती वाटा कुणाचा याचा आहे. पर्थ ओसाड महानगर होईल अशी भाकितं २००४ मध्ये झाली होती, तसं झालं नाही, आणि अशा अतिरंजित बोलण्याने उलट हवामानबदल न मानणाऱ्यांचंच फावतं. पंचांगातलं नक्षत्राचं वाहन बघून पाऊस ठरवणं तर सोडूनच द्या, बेडूक असो की कोल्हा, फ्रंट वाऱ्याचंच ऐकतात.

पाऊस २० टक्के कमी झाला म्हणजे धरणातलं पाणीही २० टक्केच कमी असं मात्र धरू नका. आधी झाडं आणि माती पितात, उरलेलं ओढ्यात. भूजल ओढ्याच्या तळाखाली गेलं की ओढाच जमिनीला पाणी देत बसतो. म्हणून पर्थच्या धरणांत येणारं पाणी १९७५ नंतरच जवळपास निम्म्यावर आलं आणि पुढे अजून घसरलं. २००६ मध्ये क्विनानाला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला, २०११ मध्ये बिनिंगपला दुसरा.

आणि हे फक्त पर्थचं नाही. केपटाऊन ३४ अंशांवर, चिलीतलं सांतियागो ३३ वर, दोघांचाही पाऊस हिवाळ्यातला. केपटाऊनला २०१५ ते २०१७ भयंकर दुष्काळ पडला, हवामानबदलामुळे तशा दुष्काळाची शक्यता सुमारे तिप्पट झाली असं शास्त्रज्ञांनी काढलं. मध्य चिलीत २०१० पासून वर्षानुवर्षं पाऊस सरासरीखाली राहिला. तीन वेगळे खंड, पण जागा तीच, कोरड्या पट्ट्याचा काठ, त्यामुळे नुसता योगायोग म्हणणं अवघड जातं.