पंचगंगेचं पाणी कधी तपासायचं?

पंचगंगेत, तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ, मेलेल्या माशांचा खच पडला की नमुने घ्यायला धावपळ होते. पण मासे बहुधा पहाटे मरतात आणि बाटली भरली जाते दुपारी. तेवढ्या वेळात पाण्यातला विरघळलेला प्राणवायू दुप्पट-तिप्पटही होऊ शकतो.

याचं कारण शेवाळं. सांडपाण्यातलं नत्र आणि फॉस्फरस खाऊन ती फोफावतात, दिवसा उन्हात प्राणवायू सोडतात आणि रात्री तोच वापरतात. जोडीला तळाच्या गाळातले जीवाणू चोवीस तास प्राणवायू ओढत असतात. २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. आंघोळीयोग्य नदीत तो किमान ५ असावा, असा निकष आहे. २-३ च्या खाली गेला की बहुतेक मासे तोंड वर काढून तडफडू लागतात. दिवसाची सरासरी चांगली असून माशाला काय उपयोग? त्याला मारायला पहाटेचा एक तास पुरतो.

म्हणून नमुना कुठे आणि किती वाजता घेतला, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं असतं. तो कसा घेतला, हेसुद्धा. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, आत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. मग काठावरच तिच्यात मॅंगनीज सल्फेट आणि आयोडाइड मिसळलेला अल्क घालायचा, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. ही विंकलर पद्धत १८८८ सालची आहे आणि आजही भरवशाची आहे. नमुना तसाच प्रयोगशाळेत नेला तर वाटेत बाटलीतले जीवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात, आणि मग मोजलं जातं ते नदीचं पाणी राहत नाही.

बीओडी हा शब्द वर्तमानपत्रांतून ओळखीचा झालाय. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जीवाणूंना किती प्राणवायू लागतो, ते त्यातून कळतं. आपल्याकडे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवून तो काढतात. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशमध्ये तो ४०-५० हजारांच्या घरात असतो. अशा पाण्याचा एक टँकर नदीत गेला तर काय होईल, याचा हिशेब कुणीही करावा. सीओडी ही तशीच दुसरी चाचणी. तिच्यात जीवाणूंऐवजी डायक्रोमेट हे रसायन आणि आम्ल वापरून नमुना दोन तास उकळवतात, त्यामुळे जीवाणूंना न पचणारे रंगही मोजले जातात. सीओडी भरपूर आणि बीओडी त्या मानाने फारच कमी दिसला, तर कारखान्याच्या पाण्याचा संशय घ्यायला जागा असते.

पंचगंगेत हे सगळं एकत्र येतं. प्रयाग चिखलीला नद्यांचा संगम होऊन ती सुरू होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. एवढ्या छोट्या वाटेत कोल्हापूरचं मैलापाणी, औद्योगिक वसाहती, साखर कारखाने आणि इचलकरंजीचे कापड धुण्या-रंगवण्याचे कारखाने (प्रोसेस) आहेत. लोकांचा राग रंगीत पाण्यावर असतो, आणि तो रास्तच आहे. पण मला जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्या एका जुळणीची. मैलापाण्यातून अमोनिया येतो. पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय की अल्काकडे ते सांगणारा आकडा, ७ असताना त्यातला जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी वायूच्या रूपात असतो. कापड धुण्या-रंगवण्यात सोडा वापरतात, त्यामुळे ते पाणी अल्कधर्मी असतं. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांवर जातो आणि ९ ला जवळपास एक तृतीयांश होतो. अमोनिया तेवढाच राहतो, पण त्याचं विष कितीतरी पटींनी वाढतं. दोन्ही घाणी वेगवेगळ्या मोजून ‘मर्यादेच्या आसपास’ म्हणणारा अहवाल हे सांगूच शकत नाही. उन्हाच्या दिवशी शेवाळंही पीएच वर नेतात, म्हणजे दुपारचा धोका वेगळा आणि पहाटेचा वेगळा.

त्यात आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या, घातले की पाणी तुंबतं, केंदाळ (जलपर्णी) पसरतं, उजेड आणि हवा अडते, तळाशी काळा गाळ साचतो. बरगे काढले की तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी गाळासकट एकदम खाली जातं. पावसाळ्याच्या तोंडावर मासे मरतात ते बऱ्याचदा यामुळे. त्या आठवड्यात एकाही कारखान्याने काही सोडलेलं नसलं, तरी वर्षभराची घाण तेव्हा हिशेब मागते.

नमुना घेणारा कधीतरी येतो, नदीतले किडे मात्र रोज हजर असतात. दगडाखाली मेफ्लाय या स्वच्छ पाण्यातल्या किड्याची पिल्लं सापडली तर गेले काही महिने पाणी बरं गेलंय. नुसत्या लालभडक अळ्याच निघाल्या, तर त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन आहे म्हणून त्या तगल्या, बाकीचे गेले. महिन्याकाठी एक बाटली भरण्यापेक्षा राजाराम, रुई, तेरवाड आणि शिरोळ बंधाऱ्यांवर चोवीस तास प्राणवायू, पीएच आणि क्षारता मोजणारी यंत्रं हवीत, त्यांचे आकडे काठावरच्या गावांना रोज दिसायला हवेत, आणि बरगे काढायचा दिवस ते आकडे पाहून ठरायला हवा.