बोळक्या भुट्ट्यामागचे दहा दिवस

श्रावणातल्या एका संध्याकाळी इंदूरच्या राजवाड्याजवळच्या हातगाडीवर घेतलेला भुट्टा सोलल्यावर शेंड्याकडे तीन बोटे रिकामा निघाला. गाडीवाल्याने बियाण्याला दोष दिला, शेजारी उभ्या असलेल्या काकांनी खताला. आणि त्याच सकाळच्या वर्तमानपत्रात, माळव्यातला मका हिरवागार असल्यामुळे यंदा पीक भरघोस येणार, अशी बातमी होती. खताची उपासमार हे कधीकधी खरेच कारण असते. पण मक्याचा एक साधा, विलक्षण सुंदर व्यवहार तिघांच्याही ध्यानात आलेला नव्हता.

मक्याच्या झाडावर नर आणि मादी वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात. शेंड्यावरचा तुरा म्हणजे नरफुले, आणि खोडाच्या मध्यावर पानाच्या बगलेत बसलेले कोवळे कणीस म्हणजे मादीफुले. या कणसावर सातशे-आठशे, कधी हजारापर्यंत बीजांडे ओळीने मांडलेली असतात. (या ओळींची संख्या जवळजवळ नेहमीच सम असते, कारण फुले जोडीजोडीने येतात, पुढच्या भुट्ट्यावर मोजून पाहावे.) प्रत्येक बीजांडातून एक धागा निघतो आणि सोलपटांच्या आतून वाट काढत टोकाशी बाहेर येतो. सोलताना वैतागून आपण जे केस फेकून देतो, तेच हे धागे. एक केस म्हणजे एक संभाव्य दाणा. तुऱ्यातून लक्षावधी परागकण झडतात, पण बाहेर पडलेला कण काही मिनिटे, फार तर काही तास जिवंत राहतो. तो केसावर पडला की रुजतो, त्यातून एक नलिका फुटते, आणि ती केसाच्या आतून साधारण एका दिवसात वीतभर अंतर कापून बीजांडापर्यंत पोहोचते. नलिकेतून दोन नरपेशी येतात: एक अंडपेशीशी मिळून अंकुर घडवते, तर दुसरी बीजांडातल्या दोन केंद्रकांशी मिळून, गुणसूत्रांचे तीन संच असलेला पिठूळ साठा तयार करते. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री भुट्ट्याच्या ज्या दुधाळ गराचा ‘कीस’ हा पदार्थ होतो, तो मुख्यतः या दुसऱ्या मीलनाचा प्रताप आहे. केसापर्यंत पराग पोहोचलाच नाही, तर तिथे दाणा नाही. नंतर कितीही खत दिले तरी नाही.

यातला अवघड भाग वेळेचा आहे. केस हा मुख्यतः पाण्याने भरलेला असतो आणि पाण्याच्या जोरावरच तो दिवसाला इंचभर वाढतो. जमिनीत ओल कमी पडली की त्याची वाढ मंदावते, पण तुरा मात्र ठरल्या वेळी झडून मोकळा होतो. बुडाकडचे केस आधी बाहेर पडतात आणि शेंड्याकडचे सर्वांत शेवटी. त्यामुळे उशीर झाला तर पराग संपलेला असतो आणि शेंडाच बोळका राहतो. शेत मात्र दुरून हिरवेच दिसते.

माळव्यात जूनअखेरीस पेरलेला मका पन्नास-पंचावन्न दिवसांनी, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात, तुऱ्यावर येतो. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी होता. सप्टेंबरच्या मध्यात इंदुरात धो-धो पाऊस कोसळला, हंगामाची बेरीज सुधारली, पण ऑगस्टमध्ये परागाविना राहिलेल्या केसांना त्याचा काय उपयोग? हंगामी सरासरीचा आकडा म्हणूनच मला फसवा वाटतो. पंचांगात नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की गाढव, यावरून पावसाचा अंदाज बांधणाऱ्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

केस आणि पराग यांची गाठ पडण्याचे हे दहाएक दिवस जागतिक बाजाराला चांगले ठाऊक आहेत. अमेरिकी कृषी खात्याच्या साप्ताहिक पीक अहवालात किती टक्के मक्याला केस आले, याचा वेगळा रकाना असतो. 2012 च्या जुलैत तिथे नेमक्या याच टप्प्यावर उष्णता आणि अवर्षण एकदम आले, आणि ऑगस्टमध्ये शिकागोत मक्याचा भाव बुशेलला, म्हणजे सुमारे 25.4 किलोला, 8 डॉलरच्या वर गेला.

आपल्या इंदूरच्या छावणी मंडीतला, म्हणजे धान्यबाजारातला, भाव मात्र निव्वळ पिकावर ठरत नाही. कोंबडीखाद्य आणि स्टार्च ही जुनी गिऱ्हाइके आहेतच. 2023 च्या जुलैत अन्न महामंडळाने इथेनॉलसाठी तांदूळ देणे थांबवले आणि डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली, तेव्हापासून इथेनॉलवालेही मक्यासाठी रांगेत उभे राहिले. 2025-26 साठी सरकारी आधारभाव क्विंटलला 2400 रुपये जाहीर झाला, पण व्यापारी त्याला बांधील नसतो आणि ओल्या मालाला तर तो त्या भावाच्या जवळपासही फिरकू देत नाही, शिवाय ओलीपोटी वजनही कापतो. 20 टक्के ओल असलेला क्विंटलभर मका 14 टक्क्यांपर्यंत वाळवला की 93 किलो उरतो. म्हणजे कपात सात किलोंची असावी. त्याहून जास्त कापणाऱ्याला हा हिशेब अवश्य मांडून दाखवावा.

भावाचा अंदाज सांगणारे संदेश मोबाईलवर रोज येतात. त्यांपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा अंदाज शेतातच मिळतो. केस बाहेर पडून आठवडा झाला की एक कणीस खुडावे, केस न ओढता सोलपटे अलगद उतरवावीत आणि कणीस हातात धरून हळूच झटकावे. ज्या बीजांडाचे फलन झाले, त्याचा केस आपोआप गळून पडतो. जिथे झाले नाही, तिथे तो चिकटूनच राहतो. शेताच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली अशी आठ-दहा कणसे झटकली, की मंडीत गाडी नेण्याच्या दीड-दोन महिने आधीच किती दाणे धरले ते कळते.