अन्नातले कीटकनाशक ओळखणारा कार्बन सेन्सर : पार्श्वभूमी

१९५८ साली केरळात गव्हाच्या पिठातून विषबाधा होऊन शंभरहून अधिक माणसे दगावली. जहाजातून येताना पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेले होते. पुढे १९६८ मध्ये कीटकनाशक कायदा आला. तरीही जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले माध्यान्ह भोजन जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते, हे प्रयोगशाळेने नंतर सांगितले. हे ‘नंतर’ टाळता यावे, यासाठीच सेन्सरची सगळी धडपड आहे.

दोन्ही विषे ऑरगॅनोफॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस असलेल्या सेंद्रिय रसायनांच्या, गटातली. १९३०च्या दशकात जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्रेडर या गटातून कीटकनाशके शोधत होते; टॅबून हे युद्धरसायनही त्याच कामातून निघाले. मज्जातंतूंचा संदेश पोचल्यावर तो थांबवणारे ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे शरीरातले एन्झाइम ही विषे बंद पाडतात. मग स्नायूंना जाणारे संदेश आवरत नाहीत आणि शेवटी श्वास अडतो.

संशोधकांनी हेच एन्झाइम पहारेकरी म्हणून नेमले. एन्झाइम आणि इलेक्ट्रोड (वीजप्रवाह मोजणारा वाहक) यांची सांगड १९६२ मध्ये अमेरिकी संशोधक लीलँड क्लार्क यांनी साखर मोजण्यासाठी सुचवली होती. इथे इलेक्ट्रोडवर बसवलेल्या एन्झाइमला ॲसिटिलथायोकोलिन हे ते फोडू शकेल असे रसायन देतात. त्यापासून थायोकोलिन तयार होते, त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि वीजप्रवाह मिळतो. नमुन्यात विष असेल तर एन्झाइम मंदावते, प्रवाह घटतो. मात्र साध्या इलेक्ट्रोडवर या ऑक्सिडीकरणाला जास्त व्होल्टेज लागे. तेवढ्या व्होल्टेजला अन्नातले इतर घटकही प्रवाहात भर घालत आणि मोजमाप बिघडे.

ही अडचण कार्बनने हलकी केली. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांचे, म्हणजे अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांचे, वर्णन केले. या नळ्यांचा थर दिला की थायोकोलिनचे ऑक्सिडीकरण बऱ्याच कमी व्होल्टेजला होते. शिवाय पृष्ठभाग वाढल्याने एन्झाइमही जास्त मावते. २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी नॅनोनळ्यांचा थर दिलेल्या, एकदाच वापरायच्या छापील पट्ट्यांवर ऑरगॅनोफॉस्फेट ओळखून दाखवले. ग्राफीन हा कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्राही त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये वेगळा झाला, आणि पुढे तोही या कामाला लागला.

उरलेला प्रश्न एन्झाइमचाच आहे. ते उष्णतेत टिकत नाही, आणि स्वतःला कोणत्या विषाने रोखले हेही सांगत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरासाठी ही दुसरी उणीव मला मोठी वाटत नाही. तिथे ‘हे तेल वापरू नका’ एवढे कळले तरी पुरे. विषाचे नाव प्रयोगशाळेने सावकाश शोधावे. उन्हाळ्यात फ्रीजशिवाय टिकणारी पट्टी मात्र हवीच.