हृदयविकाराचे जोखीमघटक (ग्रामीण गोवा)

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत चरबी साचून त्या अरुंद होण्याचा धोका ज्यांमुळे वाढतो, ते हृदयविकाराचे जोखीमघटक. वय आणि आनुवंशिकता यांपुढे कुणाचे चालत नाही. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, वाढलेले पोट यांवर मात्र इलाज आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासानुसार (२००४) पहिल्या झटक्यामागची सुमारे ९० टक्के जोखीम अशा नऊ घटकांत सामावते. दक्षिण आशियात हा झटका साधारण ५३व्या वर्षी येतो, इतरत्र ५९व्या.

२०११च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के वस्ती नागरी ठरली. उरलेल्या गोव्यात सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण, पेडणे या तालुक्यांतले वाडे येतात. गावचा माणूस विड्या ओढून आजारी पडतो, ही समजूत इथे फारशी लागू पडत नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखूचे सर्वांत कमी प्रमाण गोव्यातच आढळले: ९.७ टक्के, देशात २८.६. उलट मधुमेहात गोवा पहिला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मधुमेह-अभ्यासात देशाचा आकडा ११.४ टक्के, तर गोव्याचा २६.४. हे आकडे अख्ख्या राज्याचे आहेत. पण सकाळी पोदेराचे (पाववाल्याचे) पाव, दुपारी आणि रात्री भात हा क्रम शहरात आणि वाड्यावर सारखाच.

मिठाचा प्रश्न पावसाळ्याच्या बेगमीशी जोडलेला आहे. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुके बांगडे, सुंगटे (कोळंबी) आणि मिठात मुरवलेल्या कैऱ्या कामी येतात. उकड्या तांदळाची पेज, शेजारी भाजलेल्या बांगड्याचा तुकडा आणि खारातली कैरी: ताटात तेलाचा थेंब नाही, तरी दिवसाला ५ ग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. शेतात राबून घाम गाळणाऱ्याचे हे खाणे होते. शेत पड राहिले आणि दाराशी स्कूटर आली, पण पेजेसोबतचे मीठ तेवढेच राहिले.

नारळाची बदनामी अर्धीच खरी. खोबरेल तेलातली जवळपास ९० टक्के चरबी संपृक्त असते आणि ते एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवते, हे खरे. पण हुमणात (माशांच्या आमटीत) वाटलेला नारळ आणि तळणीचे तेल एका तराजूत घालता येत नाही. हुर्राक-फेणी या गावठी दारूला मात्र सवलत नाही. रोजच्या भरपूर पिण्याने रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) दोन्ही चढतात. फेणी औषधी असल्याचा दावा पिणाऱ्यांनीच जपला आहे.

मधुमेहाचा दुसरा धोका लपलेला असतो. नसा बधिर झाल्यामुळे झटका आला तरी कित्येकदा छातीत कळ येत नाही; नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळते. मग ‘पित्त झालं’ म्हणून सोडा घेतला जातो. काणकोणहून बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ) साठ-सत्तर किलोमीटर. हे अंतर सांधण्यासाठी राज्यात ‘स्टेमी’ (धमनी पूर्ण तुंबून येणारा तीव्र झटका) प्रकल्प चालतो: जवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढायचा, तो दूरच्या तज्ज्ञांकडून वाचून घ्यायचा, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच द्यायचे आणि मग रुग्ण पुढे हलवायचा. हे इंजेक्शन झटक्यापासून १२ तासांपर्यंत देता येते, पण खरा गुण पहिल्या दोन-तीन तासांत. सोड्याची वाट पाहण्यात नेमके तेच जातात.